'अस्मानी'तील 'सुलतानी' : हरितगृह वायू, जागतिक तापमानवाढ आणि मराठी लेखनाची परिभाषा

प्रस्तावना

मराठी भाषेने संकटांची एक जुनी वर्गवारी करून ठेवलेली आहे : अस्मानी आणि सुलतानी. अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, टोळधाड ही अस्मानी संकटे. जाचक सारा, वेठ, लूट, लढाईची धामधूम ही सुलतानी. या वर्गवारीत केवळ संकटाचे वर्णन नाही, संकटात सापडलेल्या माणसाने काय करावे याचाही निर्देश आहे. अस्मानीपुढे हात जोडायचे आणि सुलतानीविरुद्ध दाद मागायची, असा तो निर्देश होय. पहिल्या प्रकारात दोषी कोणी नसतो. दुसऱ्या प्रकारात तो असतो, त्याला नाव असते आणि निदान तत्त्वतः त्याला जाब विचारता येतो.

हरितगृह वायूंचे उत्सर्जन आणि त्यामुळे होणारी जागतिक तापमानवाढ यांविषयी गेल्या तीन-चार दशकांत मराठीत विपुल लेखन झाले. वृत्तपत्रीय लेख, पाठ्यपुस्तकांतील धडे, शासकीय पुस्तिका, विज्ञानकथा, कविता अशा अनेक रूपांत ते आहे. प्रस्तुत लेखात या लेखनाच्या भाषेचा विचार करावयाचा आहे. उत्सर्जनाच्या विज्ञानाने अस्मानी आणि सुलतानी यांमधील सीमारेषा पुसून टाकली आहे. आभाळातून येणाऱ्या संकटात आता माणसाच्या निर्णयांचा मोजता येण्याजोगा वाटा आहे. तथापि मराठी लेखन अद्याप बहुतांशी जुन्या 'अस्मानी'च्याच भाषेत बोलते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. ज्या संकटाला कर्ता नाही, त्याची भरपाई कोणी करावयाची हा प्रश्नही उपस्थित होत नाही. नाशिकसारख्या द्राक्षउत्पादक जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

'हरितगृह' या शब्दाचे दोन अर्थ

प्रारंभी मूळ संज्ञेचाच विचार करू. 'हरितगृह परिणाम' ही संज्ञा इंग्रजीतून आली. युरोपातील थंड हवामानात झाडे जगविण्यासाठी काचेची घरे बांधतात; त्यांत सूर्यप्रकाश शिरतो आणि ऊब टिकून राहते. तेथील वाचकाला हे दृश्य परिचयाचे होते. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यालाही हरितगृह परिचयाचे आहे, मात्र वेगळ्या नावाने आणि वेगळ्या अर्थाने. दिंडोरी, निफाड भागांत त्याला 'पॉलिहाऊस' म्हणतात. त्यात फुले, ढोबळी मिरची, रोपवाटिका घेतली जाते. त्यासाठी बँकेचे कर्ज आणि शासनाचे अनुदान मिळते. तेथे हरितगृह ही प्रगतीची खूण आहे. त्यातच मराठीत 'हरित' हे विशेषण अलीकडे सर्वत्र चांगल्या अर्थाने वापरले जाते : हरितक्रांती, हरित ऊर्जा, हरित लवाद, हरित कुंभ. अशा शब्दकुळात 'हरितगृह वायू' हा शब्द आला की तो अपायकारक असेल असे कोणाला सहसा वाटत नाही.

दुसरी अडचण शास्त्रीय आहे. काचेचे घर मुख्यतः आतली तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाही म्हणून उबदार राहते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्ये एका साध्या प्रयोगाने याकडे लक्ष वेधले होते. वातावरणातील प्रक्रिया निराळी आहे. सूर्याचा प्रकाश बहुतांशी थेट जमिनीपर्यंत पोहोचतो; तापलेली जमीन ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत फेकते. हवेत सुमारे ९९ टक्के असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू या किरणांना जवळजवळ अडवीत नाहीत. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे अल्प प्रमाणातील वायू मात्र ते शोषतात आणि त्यांतील काही उष्णता पुन्हा खाली पाठवितात. हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंश सेल्सिअसऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते. म्हणजे हरितगृह परिणाम हा मुळात जीवसृष्टीचा आधार आहे. संकट आहे ते त्याच्या मानवनिर्मित वाढीत. मराठीतील अनेक लेखांत हा भेद स्पष्ट होत नाही. कार्बन डायऑक्साइड हा धूर आणि धूळ यांच्या पंक्तीला बसविला जातो. ओझोनच्या थराचा ऱ्हास आणि तापमानवाढ ही एकाच संकटाची दोन नावे समजली जातात. वस्तुतः कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, त्याने खोकला येत नाही. त्याचे हे अदृश्यपण हाच लेखकापुढचा खरा पेच आहे.

घरगुती प्रतिमाच हवी असेल तर 'पांघरूण' ही अधिक नेमकी ठरेल. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. अंगातील ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. थंडीत एक गोधडी आवश्यक असते. परंतु एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असे थर चढत गेले आणि ते काढताच आले नाहीत, तर जीव गुदमरतो. उत्सर्जित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे निम्मा भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. उरलेला हवेत राहतो आणि त्यातील काही अंश हजारो वर्षे टिकतो. 'काढता न येणारा थर' हा अर्थ हरितगृहाच्या प्रतिमेत नाही, तो पांघरुणाच्या प्रतिमेत येऊ शकतो. मराठीत 'पांघरूण घालणे' याचा दुसरा अर्थ दोष झाकणे असा आहे. तो येथे वेगळ्या कारणाने समर्पक ठरतो, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

क्रियापद आणि त्याचा कर्ता

'तापमान वाढले', 'हवामान बदलले', 'ऋतुचक्र बिघडले' ही या विषयावरील लेखनातील नित्याची वाक्ये होत. व्याकरणदृष्ट्या येथे तापमान, हवामान आणि ऋतुचक्र हेच कर्ते आहेत. क्रियापदे अकर्मक आहेत. तापमान कोणी वाढविले हा प्रश्न वाक्याच्या रचनेतच निर्माण होत नाही. 'तापमानवाढ' हा सामासिक शब्द तर क्रियाच नाहीशी करतो आणि तिचे एका घटनेत रूपांतर करतो. क्वचित कर्ता आणला तर तो 'निसर्ग' असतो : निसर्गाचा लहरीपणा, निसर्गाचा प्रकोप, वरुणराजाची अवकृपा. अवकाळी पावसाच्या बातम्यांचे मथळे वर्षानुवर्षे याच शब्दांवर उभे आहेत.

याउलट या विषयाच्या विज्ञानाचा इतिहास हा कर्त्याच्या शोधाचा इतिहास आहे. १८२४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांनी वातावरणामुळे पृथ्वी उबदार राहते असे मांडले. १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट यांनी कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात अधिक तापते हे दाखविले. १८५९ पासून जॉन टिंडॉल यांनी कोणते वायू उष्णता अडवितात याची मोजमापे केली. १८९६ मध्ये स्वीडनचे आरेनियस यांनी कोळशाच्या ज्वलनाशी त्याचा संबंध जोडून आकडेमोड केली. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची सलग नोंद ठेवण्यास आरंभ केला. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेले हे प्रमाण १९५८ मध्ये सुमारे ३१५ होते; २०२४ मध्ये त्याने ४२०चा टप्पा मागे टाकला होता.

ही वाढ माणसामुळेच झाली याला पुरावा काय, असा प्रश्न वर्गात विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो योग्यच आहे. त्याचे उत्तर न्यायालयीन पुराव्यासारखे आहे. कोळसा आणि तेल यांतील कार्बनची समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळख पटते, आणि हवेतील कार्बनवर तीच खूण वाढत चालली आहे. सूर्य अधिक तापल्याने ही वाढ झाली असती तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. उष्णता खाली अडविली जात असल्याची ही खूण होय. आंतरशासकीय हवामानबदल समितीने (आयपीसीसी) ऑगस्ट २०२१ मधील अहवालात मानवी प्रभावाने वातावरण, समुद्र व जमीन तापल्याचे निःसंदिग्ध म्हटले. २०२४ हे तोवर नोंदले गेलेले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे तापमान औद्योगिकपूर्व पातळीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते. विज्ञानाने कर्ता सिद्ध केला असताना भाषेने त्याला वाक्याबाहेर ठेवावे, ही विसंगती समीक्षेने नोंदविली पाहिजे.

साहित्यातील आभाळ

मराठी साहित्यात आभाळाचे चित्रण कसे येते? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीच्या शेवटी दुष्काळ येतो आणि धनगरांची वस्ती गाव सोडून निघते. त्या दुष्काळाला कोणी जबाबदार नाही. लेखक तक्रार करीत नाही, त्याची पात्रेही करीत नाहीत. कादंबरीचे सामर्थ्य या निमूट स्वीकारात आहे. नाशिककर कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेत नदीचा पूर घरात शिरतो तो पाहुणी बनून. सर्वस्व गमावलेला तरुण नदीला दोष देत नाही. नदीशी नाते तोडत नाही. आपल्या परंपरेतील निसर्गभावाचा हा उंच आविष्कार आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' (२००२) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीत मात्र सुलतानीचे बारकाईने दर्शन घडते. शेतमालाचे भाव, कर्ज, नोकरीसाठी मोजावा लागणारा पैसा यांच्या जाळ्यात सुशिक्षित एकनाथ अडकतो. मराठी ग्रामीण कादंबरीने बाजार, सावकार आणि शासन यांना नावानिशी ओळखले; पाऊस मात्र तिने आभाळाच्या हवाली ठेवला. ज्या काळात या कलाकृती लिहिल्या गेल्या त्या काळाच्या समजुतीस हे धरूनच होते. आज लिहिणाऱ्याला मात्र ती सवलत घेता येणार नाही.

विज्ञानकथेकडे वळले असता डॉ. जयंत नारळीकर यांची 'हिमप्रलय' ही कथा सर्वप्रथम आठवते. मुंबईत बर्फ पडते ही तिची विलक्षण कल्पना आहे. एका भारतीय शास्त्रज्ञाचा इशारा वेळीच ऐकला जात नाही आणि अखेरीस वातावरणात तांत्रिक हस्तक्षेप करून संकट परतविले जाते. हवामान ही स्थिर पार्श्वभूमी नसून ती ढळू शकते, ही जाणीव मराठी वाचकाला या कथेने फार लवकर दिली. तरीही तेथे संकट येते ते थंडीचे, आणि त्याचा उगम नैसर्गिक प्रक्रियेत आहे. माणसाचा दोष इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्यापुरता आहे. संकट घडविणारा म्हणून माणूस त्या कथेत येत नाही. शिवाय कथेतील संकट एकाएकी कोसळते. उत्सर्जनाचे संकट थेंबाथेंबाने साचते. त्यात नाट्यपूर्ण असा क्षण नाही. अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या पुस्तकात गंभीर कादंबरीने हवामानबदलाला टाळले असल्याचे म्हटले आहे. ते मराठीलाही लागू पडते. आणि त्याच्या कारणांत ही मंद, निर्नाट्य गती नक्कीच आहे.

या संदर्भात २०२१ च्या अखेरच्या काही आठवड्यांकडे लक्ष वेधणे उचित होईल. १३ नोव्हेंबर रोजी ग्लासगो येथील हवामान परिषद संपली. १ आणि २ डिसेंबरला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला आणि द्राक्षबागांचे नुकसान झाले. ३ ते ५ डिसेंबरला नाशिकच्या आडगाव परिसरात ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. प्रकृतीच्या कारणाने प्रत्यक्ष उपस्थित राहू न शकलेले अध्यक्ष होते डॉ. नारळीकर. विज्ञानलेखक प्रथमच संमेलनाध्यक्ष होतो, संमेलन द्राक्षांच्या जिल्ह्यात भरते आणि त्याच आठवड्यात बागा पावसात सापडतात, असा हा योग होता. उत्सर्जन, पाऊस आणि साहित्य या तिन्ही गोष्टी एका सूत्रात मांडण्याची यापेक्षा मोठी संधी मराठी साहित्यव्यवहाराला क्वचितच मिळाली असती. संमेलनाच्या चर्चेत मात्र पाऊस हा मुख्यतः मांडवाच्या व्यवस्थेचा विषय राहिला.

बागेतील पाऊस : किती आपला, किती आभाळाचा?

येथे एक दक्षता आवश्यक आहे. एखादी विशिष्ट गारपीट केवळ तापमानवाढीमुळे झाली असे सरळ विधान करणे अशास्त्रीय ठरेल. गारपीट २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झाली, २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड परिसरात झाली. आणि ती पूर्वीही होत असे. विज्ञान इतकेच सांगते की तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जोरदार पावसाची शक्यता आणि तीव्रता वाढते. जुगारातील फासे जड केल्यासारखे हे आहे. कोणते दान फाशामुळे पडले हे सांगता येत नाही, पण फासे जड केले आहेत हे सांगता येते.

द्राक्षशेतीत ही शक्यता थेट पैशांत मोजली जाते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्या तारखांवर वर्षाचे गणित बसविलेले असते. फुलोऱ्यात पाऊस आला तर कुज आणि डावणी. मण्यांत साखर भरताना आला तर मणी तडकतात. एका रात्रीत फवारणीचा खर्च दुप्पट होतो किंवा हंगामच जातो. काही बागायतदार आता बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात. त्यासाठी एकरी लाखो रुपये लागतात. आभाळाचे संकट ज्या शेतकऱ्याने मोठ्या प्रमाणात निर्माण केले नाही, तोच त्यावरील छपराचा खर्च सोसतो. त्याचा स्वतःचा वाटा अगदीच नाही असेही नाही. ट्रॅक्टरचे डिझेल, नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड (वजनास वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवितो) आणि युरोपला जाणारे वातानुकूलित कंटेनर यांचाही हिशेब आहे. प्रामाणिक लेखनाने हा वाटा लपवू नये; आणि तो फुगवूही नये.

शासकीय परिभाषा

शासनाच्या भाषेत या पावसाला 'नैसर्गिक आपत्ती' म्हणतात. पंचनामा होतो, हेक्टरी मदत जाहीर होते. मदत हा शब्दच सूचक आहे. मदत कृपेने मिळते. भरपाई हक्काने मागता येते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आपत्तीची व्याख्या करताना नैसर्गिक आणि मानवनिर्मित अशी दोन्ही कारणे मान्य केली आहेत. परंतु गावपातळीवरील कागदांत 'नैसर्गिक' हेच विशेषण टिकून आहे.

महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले आणि पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द जोडले. ही दोन्ही पावले स्वागतार्ह होती. अभियानाची मांडणी भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांवर केलेली आहे. मराठी माणसाला ती लगेच कळते, हा तिचा गुण. पण याच चौकटीची एक मर्यादाही आहे. कार्बन डायऑक्साइडचा मुख्य उगम 'अग्नी'त, म्हणजे ऊर्जेत आहे. पंचमहाभूतांच्या भाषेत मात्र तो 'वायू'च्या शुद्धतेचा प्रश्न वाटतो. शिवाय महाभूते ही पूजनीय असतात, त्यांच्याविषयी शपथ घेतली जाते. त्यांचा ताळेबंद मांडला जात नाही. 'मी झाडे लावीन', 'मी वीज वाचवीन' अशा शपथांत कर्ता प्रथमच येतो, पण तो एकटा नागरिक असतो.

या ठिकाणी आकड्यांची तुलना उपयोगी पडते. नाशिकजवळ एकलहरे येथे महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्यातील प्रत्येकी २१० मेगावॅटच्या तीन संचांची मिळून क्षमता ६३० मेगावॅट. कोळशाच्या जुन्या संचात एक युनिट विजेमागे ढोबळ मानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे १५ हजार टन वायू हवेत जातो. एक मोठे झाड वर्षाला अंदाजे वीस ते पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते. म्हणजे पूर्ण क्षमतेच्या एका दिवसाची भरपाई करण्यास सहा ते साडेसात लाख झाडांना वर्षभर काम करावे लागेल. वृक्षारोपण निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे; सावली, पाणी, माती यांसाठी ते हवेच. परंतु उत्सर्जनाचे उत्तर म्हणून ते पुढे केले जाते तेव्हा मूळ दोषावर पांघरूण घातले जाते.

एकलहऱ्याच्या केंद्रालाही खलनायक ठरवून चालणार नाही. १९७० च्या दशकापासून याच विजेवर नाशिकचे कारखाने, शेतीचे पंप आणि परिसरातील घरे चालली. अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटली. केंद्र बंद करायचे की बदलायचे, त्यातील कामगारांचे काय, हा सुलतानीचा म्हणजे धोरणाचा प्रश्न आहे. धोरणाचा आहे, म्हणूनच तो चर्चेने सोडविता येईल.

'मानव' म्हणजे नेमके कोण?

कर्ता आणावा म्हटले की पुष्कळ लेखक 'मानव' हा शब्द योजतात : मानवाने निसर्गाला ओरबाडले, मानवाची हाव वाढली. हा शब्द नीतिबोधाला सोयीचा असला तरी हिशेबाला निरुपयोगी आहे. जीवाश्म इंधनांमुळे जगाचे वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन ३७ अब्ज टनांच्या पुढे गेले आहे. औद्योगिक क्रांतीपासूनच्या एकूण उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, तर भारताचा तीन-चार टक्क्यांच्या घरात आहे. भारतातील दरडोई उत्सर्जन सुमारे दोन टन असून ते जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. त्याचवेळी एकूण वार्षिक उत्सर्जनात भारत चीन व अमेरिकेनंतर तिसऱ्या क्रमांकावर आहे, हेही खरे. आणि भारताच्या सरासरीतही पेठ-सुरगाण्यातील आदिवासी कुटुंब आणि महानगरातील वातानुकूलित घर यांची बेरीज करून भागाकार केलेला असतो. 'आपण सारेच दोषी' हे वाक्य उदार वाटते, परंतु त्याने सर्वांत कमी दोषी असणाऱ्यावर सर्वांत मोठा अन्याय होतो.

ग्लासगो येथे अखेरच्या तासांत एका शब्दावरून वाद झाला. कोळसा टप्प्याटप्प्याने 'बंद' करायचा की टप्प्याटप्प्याने 'कमी' करायचा? भारताच्या आग्रहाने 'कमी' हा शब्द आला. त्याच परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. या शब्दबदलावर टीका झाली आणि त्याचे समर्थनही झाले. गरीब देशांनी केवळ कोळशाचीच झळ का सोसावी, तेल व वायू यांचे काय, हा भारताच्या बाजूचा मुद्दा बिनतोड नसला तरी रास्त होता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की जगातील राष्ट्रे ज्या विषयात एका क्रियापदासाठी रात्र जागवितात, त्या विषयावर मराठी लेखकाने शब्द सैल वापरावेत हे योग्य नाही.

नवी अस्मानी

वरील विवेचनाला एक विरोधी बाजू आहे. 'हवामानबदल' हा शब्दच आता नव्या अस्मानीचे काम करू लागला आहे. गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत पाणी आले यावरून नाशिककर पुराची उंची मोजतात. २००८ आणि २०१६ च्या पुरांत ही चर्चा घरोघर झाली. पूररेषेतील बांधकामे, बुजविलेले नाले, पात्रातील काँक्रीट, धरणातील विसर्गाचे नियोजन ही त्या पुरांची स्थानिक कारणे होती. असा पूर उद्या आला आणि 'जागतिक तापमानवाढ, त्याला आपण काय करणार' असे म्हटले गेले, तर दूरच्या सुलतानाकडे बोट दाखवून जवळच्या सुलतानाला मोकळे सोडल्यासारखे होईल. म्हणून कर्त्याचा शोध प्रत्येक वेळी नव्याने, प्रमाणाचे भान ठेवून घ्यावा लागतो. जागतिक उत्सर्जनाचा वाटा किती आणि नगररचनेचा किती, हे दोन्ही लिहिले पाहिजे.

दुतोंड्या मारुती ही सार्वजनिक मोजपट्टी आहे. तिच्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. पुलावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ती वाचता येते. उत्सर्जनाला अशी मोजपट्टी नाही. ती तयार करणे, म्हणजे अदृश्य वायूला समजेल असे माप आणि सांगता येईल अशी भाषा देणे, हे शास्त्रज्ञाइतकेच लेखकाचेही काम आहे. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा शहराच्या उत्सर्जनाच्या हिशेबासह प्रसिद्ध केला. अशा ताळेबंदांचे वाचन आणि चिकित्सा मराठीत नियमितपणे होणे ही पहिली पायरी ठरेल.

समारोप

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. 'हरितगृह' ही प्रतिमा मराठीत शास्त्रीय आणि भावनिक दोन्ही अंगांनी दिशाभूल करते. संज्ञा रूढ असल्याने ती ठेवावी, पण तिच्या जोडीला पांघरुणासारखी अधिक नेमकी प्रतिमा वापरावी.

२. तापमानवाढीविषयीच्या मराठी वाक्यांत कर्ता अनुपस्थित असतो किंवा 'निसर्ग' आणि 'मानव' अशा दोन टोकांच्या संदिग्ध रूपांत येतो. दोन्हींमुळे उत्तरदायित्व हरवते.

३. मराठी ग्रामीण साहित्याने सुलतानीचे उत्तम भान दाखविले आहे. त्याच भानाचा विस्तार आता आभाळापर्यंत करावा लागेल.

४. 'हवामानबदल' हा शब्द स्थानिक दोष झाकण्यासाठी वापरला जात असेल तर त्याचीही तितक्याच काटेकोरपणे समीक्षा व्हावी.

कायद्याच्या क्षेत्राने या दिशेने काही पावले टाकली आहेत. एम. के. रणजितसिंह यांनी माळढोकाच्या संरक्षणासाठी दाखल केलेल्या याचिकेवरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांशी जोडला. शर्म-अल-शेख येथे २०२२ मध्ये हानी व नुकसान निधीचा निर्णय झाला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ मधील सल्लागार मतात हवामानाच्या संरक्षणाबाबत राष्ट्रांवर कायदेशीर दायित्व असल्याचे सांगितले. न्यायालयांच्या भाषेत आभाळाच्या संकटाविरुद्ध दाद मागता येऊ लागली आहे. निफाडच्या बागायतदाराने तलाठ्यापुढे पंचनाम्याचा कागद धरला असता त्याच्या भाषेतही ही शक्यता असली पाहिजे. आणि ती शक्यता त्याच्या भाषेत आणून देणे हे मराठीच्या लेखक-अभ्यासकांचे कर्तव्य आहे.